टोरोंटोत ‘कामावर परत घ्या’ म्हणता येत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या लेबर कोर्टात नऊ वर्षं कामगारांच्या बाजूने प्रॅक्टिस, यजमानांना टोरोंटोत नोकरी लागलीय, पुढच्या उन्हाळ्यात निघायचं, तर तिकडे हेच काम करता येईल की पुन्हा श्रीगणेशा? मी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या केसेस चालवत अकरा वर्षं काढली आणि मग ओंटारिओत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, आलो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

श्रीगणेशा करावा लागत नाही, पण तुमच्या कामाचे इथे दोन तुकडे होतात. आपल्याकडे लेबर वकील म्हटला की युनियन, यूएलपी (मालकाच्या अनुचित प्रथांच्या तक्रारी), ग्रॅच्युइटी, डोमेस्टिक एन्क्वायरी (कंपनीतली खातेचौकशी), सगळं त्याच्याच टेबलावर. इथे ‘लेबर’ म्हणजे जिथे युनियन आहे तिथलं काम आणि ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणजे जिथे नाही तिथलं. बहुतेक वकील यातल्या एकाच बाजूला रुळलेले असतात. युनियन असेल तर करारातल्या वादासाठी कामगाराला स्वतः कोर्टात जाता येत नाही, युनियनच त्याची तक्रार आर्बिट्रेटरपुढे, म्हणजे लवादापुढे, नेते. १९९५ च्या वेबर निकालाने यावर शिक्कामोर्तब केलंय.

फरक कुठे बोचतो ते सांगतो. नोकरी मिळाली त्या पहिल्याच आठवड्यात ब्रॅम्प्टनहून एक गृहस्थ आले. गोदामात सुपरवायझर, वय ५७, नोकरी १४ वर्षं. भाजीच्या पिशवीत कागद कोंबलेले, अगदी आपल्या पक्षकारांसारखे. एका सकाळी हातात लिफाफा देऊन घरी पाठवलेलं. आत २२ आठवड्यांच्या पगाराची ऑफर आणि सोबत ‘रिलीज’, म्हणजे पुढे कसलाही दावा करणार नाही असा कागद, सात दिवसांत सही करा म्हणून. मी सवयीने सीनियरला म्हटलं, मागील वेतनासह कामावर परत घ्या अशी मागणी करू. तो हसलाच. युनियन नसलेल्या साध्या नोकरीत मालक कारण न देताही काढू शकतो, नोटीस किंवा तेवढ्या काळाचा पगार मात्र द्यावा लागतो. आपल्याकडे औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफचं (आधी नोटीस आणि भरपाई द्या, मगच कपात करा) पालन झालं नाही की रिट्रेंचमेंटच, म्हणजे ती कपातच, उडायची. तो हिशेब इथे विसरायचा. भांडण ‘किती महिने’ यावर.

त्या २२ आठवड्यांतले ८ नोटिशीचे, १४ सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरीच्या वर्षांमागे मिळणाऱ्या भरपाईचे (पाच वर्षांची नोकरी आणि मालकाचा वार्षिक पगारखर्च २५ लाख डॉलर असला की हे लागू होतं). म्हणजे कायद्याने असेही द्यायचेच पैसे त्याला सहीच्या बदल्यात बक्षीस म्हणून दाखवले होते. ही चलाखी तुम्हाला दर महिन्याला दिसेल. मग आम्ही त्याचा दोन पानी करार काढला. काढून टाकण्याच्या कलमाचा एक भाग जरी किमान कायद्यापेक्षा कमी देत असला, तरी ते अख्खं कलम कोसळतं, हे २०२० च्या वॅक्सडेल निकालात ठरलं. कलम कोसळलं की कॉमन लॉची, म्हणजे कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याची, नोटीस मागायला मोकळी होते. ती मोजायला १९६० चा बार्डल निकाल आजही चालतो: वय, नोकरीची वर्षं, कामाचा प्रकार, तसंच काम पुन्हा मिळण्याची शक्यता. प्रकरण मीडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थासमोर, १३ महिन्यांच्या पगारावर मिटलं. इथे साक्षीपुराव्यापर्यंत फार थोड्या केसेस जातात, त्यामुळे तुमचं उलटतपासणीचं कसब बरंचसं म्यानातच राहील.

कामावर परत घेण्याची मागणी इथे पूर्ण मेलेली नाही. बँका, विमान कंपन्या, टेलिकॉम ही केंद्राच्या कायद्याखालची क्षेत्रं. तिथे मॅनेजर नसलेल्या आणि १२ महिने नोकरी झालेल्या माणसाला अन्यायाने काढलं तर कॅनडा लेबर कोडच्या कलम २४० खाली तो कामावर परत जाऊ शकतो. २०१६ च्या विल्सन निकालाने तो हक्क पक्का केला. तुमचा पिंड पाहता मी तुम्हाला युनियनच्या बाजूची फर्म किंवा हे कलम २४० चं काम सुचवेन.

फीचंही एक सांगायला हवं. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत निकालाच्या रकमेत टक्केवारी घेणं निषिद्ध. इथे लेखी करार करून राजरोस घेतात. मला पहिलं वर्षभर चोरी केल्यासारखं वाटायचं.

आता परवान्याची वाट. आधी एनसीए (परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणारी कॅनडाची संस्था) तुमची पदवी तपासतं आणि विषय नेमून देतं: कॅनडाचं संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी, कॅनेडियन कायद्याची ओळख आणि व्यावसायिक नीती हे पाच तर आलेच. परीक्षा ऑनलाइन आणि ओपन बुक, म्हणजे पुण्यात बसूनच द्या. इथे येऊन भाडं भरत अभ्यास करण्यात काही अर्थ नाही. नंतर ओंटारिओच्या बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा, आणि आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी.

इथेच मी चुकलो. भारतासारख्या कॉमन लॉ देशात दहा महिन्यांची प्रॅक्टिस असेल तर आर्टिकलिंगमधून सूट मागता येते. मी मोठ्या ऐटीत घेतली. परवाना आला आणि पुढचे सात महिने एक फोन नाही. आर्टिकलिंग हीच इथली ओळखपाळख, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एका ऑफिसने ‘अनुभव मिळेल’ म्हणून जवळजवळ फुकट राबवून घेतलं. कामगारांचे पगार वसूल करून देणारं ऑफिस, बरं का. आणि गंमत अशी की ओंटारिओच्या किमान वेतनाच्या नियमांतून वकील आणि आर्टिकलिंगचे विद्यार्थी दोघेही वगळलेले आहेत. तेव्हा सूट मिळत असली तरी घेऊ नका. पगार लेखी ठरवून आठ महिने एखाद्या चांगल्या ऑफिसात काढा.

भारतातल्या नव्या लेबर कोडचं, म्हणजे नव्या कामगार कायद्यांचं, तुम्ही विचारलंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झाले, पण तुमच्या इथल्या परीक्षांशी त्यांचा संबंध नाही. त्यात वेळ घालवायचा तर हातातल्या केसेसपुरताच घाला.

सनद (वकिलीचा भारतातला परवाना) सोडून देऊ नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं (सनद चालू आणि निर्दोष असल्याचं) पत्र तुम्ही पुण्याहून निघण्याआधीच घ्या. गुणपत्रकं विद्यापीठाने थेट एनसीएला पाठवावी लागतात, तुमच्या हातची चालत नाहीत. माझी निघायला चार महिने आणि तीन चकरा लागल्या होत्या, तेव्हा तो अर्ज याच आठवड्यात टाका.