घरच्या ॲक्वापोनिक्समध्ये माशांची पिल्ले का टिकत नाहीत?

प्रश्न (देवगड तालुका) : आमची आंब्याची बाग आहे. घरामागच्या पडवीला लागून १००० लिटरची टाकी आणि तिच्यावर खडीचा वाफा असे ॲक्वापोनिक्स (माशांचे पाणी पंपाने वाफ्यात फिरवून भाजी पिकवण्याची पद्धत) केले आहे. नाळीची भाजी आणि माठ चांगला येतो. खाडीतले कालुंदर आणून सोडले होते, त्यांनी टाकीतच पिल्ले काढली, पण आठवड्यात एकही उरले नाही. परदेशातले लोक व्हिडिओत सनफिशची पिल्ले घरच्या टाकीत वाढवताना दिसतात. ते बीज आपल्याकडे कुठे मिळेल?

उत्तर : आधी सनफिशचे बोलू. व्हिडिओत तुम्ही पाहिलेला मासा बहुधा ब्लूगिल असावा. हा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला मासा. (समुद्रात क्वचित जाळ्यात येणारा अवाढव्य सनफिश तो वेगळाच.) पाणी साधारण २० अंशांच्या वर गेले की नर शेपटीने वाळू उडवून बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि पुढची राखण नर एकटा करतो. पण परदेशी जिवंत मासा आणायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. कुणी चोरून आणलेले बीज देऊ केले, तरी कृपा करून घेऊ नका. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी उपयोगी पडतील म्हणून ते संशोधन केंद्राकडे सोपवले गेले, आणि तिथून पुढे बिवा सरोवरापर्यंत पसरून त्यांनी तिथल्या मूळ माशांची अंडी-पिल्ले फस्त केली. २००७ मध्ये, सम्राट असताना, अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडे थाई मागूर या परदेशी माशावर बंदी घालावी लागली तीही अशाच कारणाने. कोकणात तर पावसाळ्यात टाकी भरून वाहिली की पाणी वहाळात आणि वहाळ खाडीत, मधे अडवणारे काहीच नाही.

शिवाय सनफिशची तुम्हाला गरजही नाही. राखणदारीत आपला कालुंदर त्याच्यापेक्षा काकणभर सरसच, कारण इथे नर आणि मादी दोघेही राखण करतात. तुमच्या टाकीत वीण झाली म्हणजे जोडी जमली आहे, पाणी तिला मानवले आहे. अडचण माशाच्या जातीत नाही, पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या व्यवस्थेत आहे.

ॲक्वापोनिक्सची मुख्य टाकी मोठ्या माशांसाठी उत्तम, जिऱ्यासाठी, म्हणजे नुकत्याच निघालेल्या पिल्लांसाठी, मात्र वाईट. पाच-सहा मिलिमीटरचे पिल्लू पंपाच्या ओढीला टिकत नाही. जाळीतून आत ओढले जाते किंवा वाफ्यात जाऊन खडीत अडकते. जे वाचते ते उपाशी मरते, कारण वाफा पाणी इतके निवळ करतो की त्यात सूक्ष्म जीव राहतच नाहीत. मोठ्या माशांच्या खाद्याची गोळी या पिल्लाच्या तोंडात जात नाही. पोटातल्या पिवळ्या बलकावर त्याचे थोडे दिवस निघतात, तो संपला की एक-दोन दिवसांत सगळा थवा जातो. तुम्ही सांगता तो आठवडा याच्याशी नेमका जुळतो.

म्हणून विणीसाठी शेजारी वेगळी टाकी हवी. ३०० ते ५०० लिटरची पुरते. तिला पाणी ओढणारा पंप नको. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर बसवा. नवा स्पंज महिनाभर आधी मुख्य टाकीत ठेवला तर त्यात अमोनिया (माशांच्या उत्सर्गातून येणारे विषारी द्रव्य) पचवणारे जिवाणू बसलेले असतात. जोडी ओळखण्यात वेळ घालवू नका. विणीचा काळ सोडला तर कालुंदराचा नर-मादी वरून ओळखणे जाणत्यालाही कठीण आहे. नव्याने करणाऱ्यांनी सहा-आठ तरणे मासे एकत्र ठेवावेत, जोडी आपसूक जमते. दोन मासे एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागले की त्या दोघांनाच विणीच्या टाकीत न्यावे. खाडीतला मासा थेट गोड्या पाण्यात टाकू नका. चार-पाच दिवसांत थोडे थोडे गोडे पाणी मिसळत न्या.

अंडी घालायला घरातले जुने मंगलोरी कौल भिंतीला टेकवून तिरके उभे करा. नारळाचे सोडणही चालते, पण ते आठवडाभर पाण्यात भिजवून, तांबूस पाणी काढून टाकलेले असावे. जोडी आधी ती जागा तोंडाने खरवडून लख्ख करते. मग मादी ओळीने अंडी चिकटवत जाते आणि मागोमाग नर त्यावरून फिरतो. अंडी बारीक देठाने कौलाला लोंबतात. पुढचे साधारण चार दिवस नीट बघा : एक जण बाजूचे पर हलवून अंड्यांवर सतत पाणी घालत असतो, दुसरा पहारा देतो. पांढरे पडलेले अंडे आई-बाप स्वतःच वेचून काढतात, तुम्ही हात घालू नका. अंडी फुटली की ते पिल्ले तोंडात धरून तळातल्या खळग्यात नेऊन ठेवतात. सिमेंटच्या किंवा प्लास्टिकच्या गुळगुळीत तळावर खळगा करता येत नाही, म्हणून धुतलेल्या वाळूने भरलेले पसरट घमेले कौलाजवळ ठेवाच. एवढ्याशा गोष्टीने फरक पडतो. आणखी तीन-चार दिवसांनी पिल्ले पोहू लागतात आणि आई-बापाभोवती ढगासारखा थवा करून फिरतात.

खाद्याची तयारी मात्र त्याच्या दहा-बारा दिवस आधीच झालेली हवी. उन्हात २०० लिटरचा ड्रम भरून ठेवा, मूठभर शेंगदाणा पेंड भिजवून घाला आणि तळ्याचे बादलीभर पाणी जुन्या पंचातून गाळून ओता. गाळायचे यासाठी की चतुराच्या अळ्या आत येऊ नयेत, त्या पिल्ले धरून खातात. ड्रमावर मच्छरदाणीचे कापड बांधा, विणीच्या टाकीवरही. आठवडाभरात पाणी हिरवे होते, मग त्यात उड्या मारणारे बारीक ठिपके दिसू लागतात. ते मोइना नावाचे बारीक जलजीव, पिल्लांचे सर्वांत चांगले अन्न. सुरुवातीला बारीक कापडातून गाळून, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. ड्रम साधला नाही तर मत्स्यालयाच्या दुकानातून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक, कोळंबीसारख्या जिवाची) अंडी आणा. मिठाच्या पाण्यात, हवा चालू ठेवून, सुमारे २८ अंशांना ती एका दिवसात फुटतात. उकडलेल्या अंड्याचा बलक शेवटचा उपाय समजा, कारण चिमूटभर जास्त झाला तरी पाणी नासते. ड्रमात शेणही चालते असे कुणी सांगेल. नुसत्या मत्स्यतळ्यात ते ठीक आहे, पण या पाण्याचा संबंध पुढे तुमच्या पालेभाजीशी येतो, म्हणून मी ते टाळायला सांगतो.

रोज तळातली घाण बारीक नळीने ओढून दहावा हिस्सा पाणी बदला आणि तेवढेच मुख्य टाकीतले भरा. नळाचे पाणी वापरायचेच झाले तर दिवसभर हवा देऊन क्लोरीन उडवून मगच. तीन आठवड्यांनंतर भुकटी खाद्याची सवय लावा. पिल्ले बोटुकली एवढी, म्हणजे दोन इंचांची झाली की मुख्य टाकीत सोडायला हरकत नाही. तरीही पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवी. जास्तीची पिल्ले शेजाऱ्यांना द्या.

तुम्ही आंबा बागायतदार आहात, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुडतुड्यांसाठी मोहोरावर आपण डेल्टामेथ्रीन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रीन फवारतो. ही औषधे माशांसाठी जहाल विष आहेत, वाऱ्यावर आलेला तुषारसुद्धा टाकी रिकामी करू शकतो. फवारणीच्या दिवशी टाकी आणि वाफा दोन्ही ताडपत्रीने झाका, एअर पंपाला हवा फवारणीच्या उलट बाजूने घ्या, आणि फवारणी पंप, बादल्या, हातमोजे टाकीच्या जवळपासही धुऊ नका. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारता तेव्हाही हेच, कारण त्यातले तांबे पिल्लांना सोसत नाही. छपरावर आंब्याच्या फांद्या किंवा पोफळीच्या झावळ्या येत असतील तर त्या छपराचे पाणी टाकीत कधीच घेऊ नये.

प्रश्न (गुहागर तालुका) : जोराचा पाऊस लागला की चार-सहा दिवसांनी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. पाणी तर स्वच्छ दिसते.

उत्तर : आपल्या जांभ्याच्या जमिनीतले विहिरीचे पाणी मुळातच हलके, त्यात चुना कमी. वाफ्यातले जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात, वरून पावसाचे पाणी पडते, आणि सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, pH) झपाट्याने उतरतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते, आणि अमोनिया व नायट्राइट साचतात. नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, म्हणून हवा चालू असूनही मासे वर येतात. साधा तपासणी संच आणून सामू, अमोनिया, नायट्राइट तिन्ही बघा. पाव हिस्सा पाणी बदला. नायट्राइट निघाले तर १००० लिटरला अर्धा किलो खडे मीठ विरघळवून घाला, एवढे मीठ भाजीला बाधत नाही.

कायमचा उपाय घरातच आहे. तिसऱ्या, मुळे या खाण्याच्या शिंपल्यांची कवचे स्वच्छ धुऊन, वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून पाणी परत पडते तिथे टांगा. सामू उतरला की ती हळूहळू विरघळतात आणि त्याला सावरून धरतात. चुन्याची निवळी एकदम ओतू नका. सामू अचानक चढला तर साचलेला अमोनिया जास्तच विषारी होतो. पावसाळ्यात वाफ्यावर आणि टाकीवर पारदर्शक पत्रा घाला आणि पागोळी बाहेर वळवा. वीज गेली तर निदान एअर पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे. आणि अमोनिया शून्याजवळ येईपर्यंत खाद्य बंदच ठेवा. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी दगावत नाहीत.