हुद्दा नव्हे, काम विचारा

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी तुम्ही नुकतेच जाऊ लागला आहात, म्हणून सांगतो: नोंदवहीत नुसते ‘विणकर’ किंवा ‘फौंड्री कामगार’ लिहून पुढे सरकू नका. वडगावातला एक विणकर जन्मभर तुटलेले धागेच जोडत असतो, तर दुसरा नक्षीची पंचकार्डे (नक्षी ठरवणारे छिद्रांचे पुठ्ठे) लावतो, रंगांचा हिशेब ठेवतो आणि मागाचा बिघाडही स्वतःच काढतो. दोघांच्या मेंदूला पडणारे काम सारखे नव्हे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2021 साली आलेल्या, एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात बुद्धीला चालना देणाऱ्या कामांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दर 10,000 व्यक्तिवर्षांमागे (एका माणसावर एक वर्ष लक्ष ठेवले की एक व्यक्तिवर्ष) 4.8, तर कमी चालनेच्या कामांत 7.3 आढळले. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. शिक्षणाचा वाटाही त्यात मिसळलेला असतो, तेव्हा शाळा कितवीपर्यंत झाली तेही विचारा.

आणि कान विसरू नका. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र धोका मानला जातो, शिवाय तपासणीतही ते फसवते. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या एका आजोबांना मी विसराळू ठरवून मोकळा झालो होतो. डाव्या कानाशी जाऊन सावकाश विचारल्यावर त्यांनी वार, महिना, साल, सगळे बिनचूक सांगितले.