वाचकांचे प्रश्न : पाला भरपूर, बटाटे गोटीएवढे

प्रश्न : मोठ्या पोत्यात माती भरून बटाटे लावले. झाडे गडद हिरवी, कमरेला लागतील अशी वाढली. उपटली तर खाली गोटीएवढे चार-दोन बटाटे. असे का झाले?

उत्तर : खत किती घातलेत ते तुम्ही लिहिलेले नाही, पण ‘गडद हिरवी’ वाचूनच माझा संशय नत्रावर (खतातल्या नायट्रोजनवर) गेला. बटाटा म्हणजे मूळ नव्हे. जमिनीखाली आडव्या जाणाऱ्या खोडाचे ते फुगलेले टोक. पानांत तयार झालेली साखर तिथे उतरते आणि पिष्ट होऊन साठते. नत्राचा मारा चालूच राहिला, तर झाड ती साखर नवी पाने काढण्यातच उडवते. लावताना चांगले कुजलेले शेणखत आणि खोडाला मातीची पहिली भर देताना थोडे, एवढे पुरे. त्यानंतर हात आखडता घ्या.

दुसरा संशयित म्हणजे तापलेली माती. १५ ते २० अंश सेल्सिअसला बटाटे उत्तम धरतात. माती ३० अंशांच्या आसपास गेली की धरणे जवळजवळ थांबते. वरचा पाला मात्र हिरवागार राहतो, त्यामुळे कळत नाही. उन्हातल्या पोत्याला भर दुपारी हात लावून बघा. पोत्याच्या बाजूंवर सावली करा, मातीवर वाळल्या पाल्याचा जाड थर द्या. आणि लावणी अशा बेताने करा, की बटाटे धरायच्या सुमारास हवा थंड असेल. उशिरा लावलेल्या बटाट्याला कुठलेही खत वाचवत नाही.

प्रश्न : घरातल्या बटाट्यांना कोंब आले आहेत. तेच लावले तर चालतील का? कापताना राख लावावी का?

उत्तर : उगवतील. पण विकत आणलेल्या बटाट्यांवर कोंब दाबून ठेवणारे औषध मारलेले असू शकते. शिवाय विषाणू बेण्यातून, म्हणजे लावायच्या बटाट्यातून, पुढच्या पिकात जातो आणि बेणे बघून तो ओळखता येत नाही. खात्रीचे बेणे मिळत असेल तर तेच घ्या. ४०-५० ग्रॅमचा तुकडा, त्यावर निदान दोन डोळे. कापलेले तुकडे दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर ठेवले की जखमेवर साल धरते. अंड्याएवढे बेणे असेल तर कापूच नका. राखेबद्दल म्हणाल, तर कापावर चिमूटभर लावल्याने काही बिघडत नाही. वाफ्यात ओंजळीने टाकू नका. राखेने मातीची आम्लता कमी होते आणि सालीवर खरबरीत खपल्या आणणाऱ्या जंतूंचे फावते. बटाटे धरत असताना माती कोरडी पडली तर आणखीच.

प्रश्न : फुले गळून छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळे आली आहेत. खाता येतात?

उत्तर : नाही, विषारी आहेत. घरात मुले असतील तर आजच तोडून टाका.

प्रश्न : काढणी नेमकी कधी करावी? मागच्या वेळी काढलेले बटाटे महिन्याभरात मऊ पडले, काही हिरवे झाले. जास्त टिकवण्यासाठी वाळवता येतील का?

उत्तर : पाला पिवळा पडून लोळला की जमिनीलगत कापा आणि बटाटे आणखी दोन आठवडे मातीतच राहू द्या. या दिवसांत पाणी बंद. मग एक बटाटा काढून सालीवर अंगठा दाबून घासा. साल सरकली, तर थांबा. पाल्यावर पाने काळी पाडणारा करपा रोग आला असेल तर हा धीर जास्तच महत्त्वाचा, कारण घाईने खणताना पाल्यावरचे बीजाणू ताज्या बटाट्यांना लागतात.

काढताना कुदळ झाडापासून लांब घाला. खरचटलेले, कापलेले वेगळे ठेवून आधी संपवा. बाकीचे धुवू नका, माती हाताने झाडा. पहिले दहा-पंधरा दिवस अंधारात, दमट पण खेळत्या हवेत, १२ ते १८ अंशांना पसरून ठेवले की बारीक जखमा भरून येतात. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग सडलेल्या बटाट्यांचा दोष वाणाला देतात! पुढे साठवणीला ७ ते १० अंश उत्तम. इतकी थंड जागा नसेल, तर घरातला सर्वांत गार, अंधारा कोपरा शोधा आणि लवकर वापरण्याची तयारी ठेवा. बटाटा काढल्यावरही श्वास घेतो, म्हणून प्लास्टिकची बंद पिशवी नको. नेहमीच्या फ्रिजमध्ये पिष्टाची साखर होते. असे बटाटे तळले की काळपट होतात.

हिरवेपणा उजेडाने येतो. तो रंग स्वतः निरुपद्रवी हरितद्रव्याचा, पण त्याच उजेडात सोलानिनसारखी कडू विषेही वाढतात आणि उकळून ती जात नाहीत. थोडा डाग असेल तर जाड साल काढा, कोंब आणि डोळे खोल कोरा. बराच हिरवा किंवा चवीला कडू लागला, तर टाकून द्या. वाफ्यात असतानाच हे टाळायचे, तर झाडे वीतभर झाली की खोडाला मातीची भर द्या आणि पावसाने ती धुपली की पुन्हा द्या.

वाळवणासाठी टणक बटाटेच घ्या. पातळ चकत्या करून लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात. मग उकळत्या पाण्यात काही मिनिटे, पारदर्शक दिसेपर्यंत ठेवून काढा. अगदी शिजवू नका. कडक ऊन नसेल तर यंत्रात किंवा मंद भट्टीत वाळवा. चकती वाकवल्यावर कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर डबा बंद करू नका, तिला अजून वाळवायचे आहे.