मुंबई ते ऑकलंड किती लांब?

तुम्ही इथे न्यूझीलंडला राहायला येताय, आणि विचारलंय की मुंबई ते ऑकलंड किती वेळ लागतो, आणि इथून मुलीला घेऊन वर्षातून एकदा भारतात आजी-आजोबांकडे जाणं जमेल का. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडून देते.

सरळ मोजलं तर साधारण 12,300 किमी. थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे गेलात तर वाट वाकडी होत नाही, ते जवळपास त्याच रेषेवर पडतं. तिथपर्यंत साडेपाच तास, पुढे दहाच्या आसपास, मधलं थांबणं धरून वीस-चोवीस तास. परत येताना समोरून वारा असतो, थोडा जास्त वेळ लागतो. दोन तिकिटं वेगवेगळी काढू नका. आम्ही पहिल्या वर्षी पैसे वाचवायला काढली, मुंबईचं विमान तीन तास लेट, पुढचं निघून गेलं आणि दुसऱ्या कंपनीने सरळ हात वर केले.

पण खरी अडचण शाळेची आहे. इथे शाळा फेब्रुवारीच्या आसपास सुरू होते आणि मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत. आपल्याकडे सगळी भावंडं जमतात मे मध्ये. पहिल्या मे मध्ये आम्ही इथेच होतो. व्हिडिओ कॉलवर बदाम सातचा डाव, तिकडे दुपारचा एक, इथे संध्याकाळचे साडेसात, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, मामेबहीण माझ्या मुलाची पानं कॅमेऱ्यासमोर धरायची आणि हा ओरडून सांगायचा कुठलं टाकायचं ते.

दुसऱ्या वर्षी आईची पंचाहत्तरी होती म्हणून मे मध्येच तीन आठवडे नेला. शाळेला आधी कळवलं होतं, कारण लिहिलं होतं, तरी परत आल्यावर पत्र, की ही गैरहजेरी योग्य कारणाशिवाय धरली आहे. आजीची पंचाहत्तरी योग्य कारण नाही! अजूनही आठवलं की डोकं तापतं. आणि मी घाबरले हो. पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, व्हायची होती, वाटलं हे कुठेतरी नोंदलं जाईल आणि आडवं येईल. काही आडवं आलं नाही. पण त्या भीतीपोटी पुढची तीन वर्षं डिसेंबरातच गेलो, तिकिटं सगळ्यात महाग तेव्हाच, भावंडं दिवसभर शाळेत, हा आईजवळ बसून पाच वाजायची वाट बघत.

एकटेपणाचं विचाराल तर पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं जोडली जातात, त्याची एवढी धास्ती घेऊ नका.

मुलगी लहान आहे तोवर मे मध्येच भारतात जा. शाळेला मेल करा, पत्र आलं तर येऊ दे, फाईलला लावून ठेवा. मी यंदा हिंमत करून मुलाला विचारलं, मे मध्ये जाऊया का, तर म्हणाला, "नको गं, शनिवारी माझ्या फुटबॉलच्या मॅच असतात."