बॅकयार्डात छोटं घर: डिझाइन मंजूर आहे, जागेचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही सॅन होजेला राहतो, घर स्वतःचं आहे आणि मागे बऱ्यापैकी मोठं बॅकयार्ड आहे. सासू-सासरे आता कायमचे इकडे येतायत, त्यांना जिने चढायला लागू नयेत आणि त्यांचं त्यांना मोकळेपणाने राहता यावं म्हणून मागेच एक छोटं घर बांधावं असं आमच्या दोघांच्या मनात आहे. सिटीकडे आधीच मंजूर केलेली एडीयूची, म्हणजे मुख्य घराच्याच प्लॉटवर बांधायच्या अशा छोट्या जोडघराची, डिझाइन्स असतात असं कळलं. त्यातलं एक निवडलं की परमिटची काही कटकटच राहत नाही असं ऑफिसात एक जण म्हणाला. खरंच इतकं सोपं आहे का?

उत्तर: सोपं झालंय हे नक्की, आणि तुमचा विचारही छानच आहे. पण मंजूर काय झालेलं असतं ते आधी समजून घ्या. घराचा नकाशा, स्ट्रक्चर, भिंती, छप्पर, एनर्जीची गणितं हे सगळं सिटीने एकदा तपासून ठेवलेलं असतं. तुमचा प्लॉट कोणी तपासलेला नसतो, आणि पैसे आणि वेळ जास्त करून तिथेच जातो.

फायदा खरा आहे हे आधी सांगते. कॅलिफोर्नियात एबी १३३२ नावाचा कायदा झाला, त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक सिटी आणि काउंटीने अशी डिझाइन्स आधी मंजूर करून वेबसाइटवर ठेवायची आहेत. एरवी एडीयूच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, मंजूर डिझाइन वापरलं तर ३० दिवसांत. मात्र हे दिवस अर्ज पूर्ण भरलेला असेल तेव्हापासून मोजतात आणि ही सोय स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या एडीयूला आहे, गॅरेजचं घर करायचं असेल तर नाही. शिवाय डिझाइन मंजूर म्हणजे फुकट असं समजू नका. सॅन डिएगो काउंटी स्वतःचे काही नकाशे मोफत देते, लॉस एंजलिसमध्ये बरीचशी डिझाइन्स खाजगी आर्किटेक्टची आहेत आणि त्यांना फी द्यावी लागते, तुमच्या सॅन होजेतही यादीतल्या डिझाइनरशी किंवा कंपनीशी व्यवहार तुम्हालाच करायचाय. सिटीच्या यादीत नाव आहे म्हणजे काम चांगलंच करतात अशी हमी सिटी देत नाही, तेव्हा त्यांनी आधी बांधलेलं एखादं घर प्रत्यक्ष जाऊन बघा आणि तिथे राहणाऱ्यांशी बोला.

आता तुमच्या बॅकयार्डकडे येऊ. घराचे कागद काढा आणि टायटल रिपोर्टमध्ये (मालकीहक्काच्या कागदात) इझमेंट, म्हणजे तुमच्या जमिनीवर दुसऱ्याचा वापराचा हक्क, आहे का बघा, कारण मागच्या कुंपणाला लागून वीज किंवा ड्रेनेजसाठी राखलेली पट्टी असली तर तिच्यावर घर बांधता येत नाही. राज्याच्या नियमाने बाजूला आणि मागे ४ फूट सोडले की पुरतात, पण इझमेंट १० फुटांची निघाली तर ते ४ फूट काय कामाचे! मोठं झाड असेल तर टेप घेऊन जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, सॅन होजेत तो ३८ इंच किंवा जास्त भरला तर झाड काढायला वेगळं परमिट लागतं.

मग सुअर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन. याच्याकडे लोक सगळ्यात उशिरा बघतात आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. सांडपाण्याच्या पाइपला साधारण दर फुटाला पाव इंच उतार लागतो, म्हणजे नवीन घरापासून जुन्या लाइनपर्यंत ६० फूट अंतर असेल तर पाइप १५ इंच खाली उतरायला हवा, आणि जुनी लाइन तेवढी खोल नसेल किंवा बॅकयार्डच मागे उतरतं असेल तर पंप बसवावा लागतो, त्याचा खर्च वेगळा, आणि वीज गेली की पंप बंद. म्हणून डिझाइन निवडायच्या आधी प्लंबरला बोलवून लाइनमध्ये कॅमेरा घालून घ्या, लाइन किती खोल आहे आणि मुळं शिरून फुटली तर नाही ना ते कळेल. इलेक्ट्रिक पॅनलही बघा, जुन्या घरांत बऱ्याचदा १०० अँपचाच असतो, तो वाढवायचा तर वीज कंपनीच्या तारखा मिळेपर्यंत थांबावं लागू शकतं.

एवढं झाल्यावर डिझाइन निवडा, आणि सासू-सासऱ्यांच्या दृष्टीने निवडा. दारात पायरी आहे का, बाथरूमचं दार किती रुंद आहे, शॉवरला उंबरा आहे का, पुढेमागे वॉकर आला तर तो कॉटच्या बाजूने फिरेल का, हे नकाशावर पट्टी ठेवून बघा. कारण नंतर भिंत हलवली किंवा खिडकी वाढवली की ते मंजूर डिझाइन राहत नाही, पुन्हा सगळं तपासणीला जातं आणि ३० दिवसांचा फायदा जातो. रंग, बाहेरचं फिनिश वगैरेला बहुतेक ठिकाणी मोकळीक असते. यादीत मनासारखं काहीच नसेल तर सरळ आर्किटेक्ट घ्या, महिनाभर वाचवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना अडचणीचं बाथरूम देऊ नका.

साइजचंही एक आहे, ७५० स्क्वेअर फुटांच्या आत राहिलात तर इम्पॅक्ट फी (नवीन बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटी घेतात ती) लागत नाही, दोघांना तेवढी जागा व्यवस्थित पुरते.

प्रश्न: मित्राने दुसऱ्या सिटीत दोन वर्षांपूर्वी मंजूर डिझाइनवर एडीयू बांधला. त्याचेच नकाशे आम्ही आमच्या सिटीत वापरू शकतो का?

उत्तर: आपोआप नाही. दुसऱ्या सिटीचं डिझाइन यादीत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण घ्यायचं की नाही ते तुमची सिटी ठरवते. दुसरं म्हणजे राज्याचा बिल्डिंग कोड दर तीन वर्षांनी बदलतो, नवीन कोड १ जानेवारी २०२६ पासून लागू झालाय, त्यामुळे त्याआधी मंजूर झालेले नकाशे नव्या कोडप्रमाणे सुधारून घ्यावे लागतात. आणि नकाशे ज्याने काढले त्याचे असतात, मित्राने पैसे दिले ते त्याच्या एका घरासाठी, तेव्हा डिझाइनरला विचारल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न: मागे घर बांधलं तर आमच्या सगळ्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स आजच्या भावाने लागेल का? घर घेऊन खूप वर्षं झालीत, त्याचीच भीती वाटते.

उत्तर: नाही, निश्चिंत राहा. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या कायद्यामुळे तुमच्या जुन्या घराची आणि जमिनीची धरलेली किंमत आहे तशीच चालू राहते, त्यात फक्त नवीन बांधकामाची किंमत मिळवतात. काम पूर्ण झालं की नवीन बांधकामाची किंमत काउंटी असेसर (टॅक्ससाठी किंमत ठरवणारा अधिकारी) ठरवतो आणि काउंटीकडून वेगळं सप्लिमेंटल (वाढीव टॅक्सचं) बिल येतं, ते बँकेच्या एस्क्रोमधून (हप्त्याबरोबर टॅक्ससाठी पैसे जमा होतात त्या खात्यातून) सहसा भरलं जात नाही, तेव्हा पोस्टाकडे लक्ष ठेवा आणि स्वतः भरा.