वाचकांचे प्रश्न : हेपॅटायटिस बीची गोळी आणि तिला दाद न देणारा विषाणू

प्रश्न : मी मिरजेत बी. फार्मसी करते. औषधं आधी उंदरांवर तपासतात, मग हेपॅटायटिस बीचा विषाणू औषधाला दाद देईनासा होणार, हे उंदरातच का कळत नाही?

उत्तर : कारण उंदराच्या यकृतात हा विषाणू शिरतच नाही. माणसाच्या यकृतपेशीवरच्या एनटीसीपी या प्रथिनाला धरून तो आत जातो, हे २०१२ साली उलगडलं. उंदराचं एनटीसीपी त्याला चालत नाही. माणसाचं प्रथिन उंदरात बसवलं तरी दुसरा अडथळा उरतो. ज्याच्या जोरावर आजार वर्षानुवर्षं टिकतो ते विषाणूच्या डीएनएचं बंद वर्तुळ, म्हणजे सीसीसीडीएनए, उंदराच्या पेशीत नीट तयार होत नाही. ट्रान्सजेनिक उंदरात विषाणूची जनुकं उंदराच्याच गुणसूत्रात घातलेली असतात. औषधाने विषाणूची निर्मिती किती घटते हे तिथे छान मोजता येतं. पण विषाणू एका पेशीतून दुसरीत पसरत नसल्याने प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणारा, वाण निवडला जाऊन वाढणं तिथे घडत नाही.

त्यासाठी वूडचक वापरतात. उत्तर अमेरिकेतला, खारीच्या कुळातला हा बिळात राहणारा प्राणी. हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा भाऊबंद त्याच्यात १९७८ साली सापडला. जन्मतःच लागण केलेल्या अनेक पिल्लांत आजार कायमचा होतो. त्यांना रोज लॅमिव्हुडीन हे विषाणूविरोधी औषध दिलं की विषाणू घटतो आणि कित्येक महिन्यांनी, औषध चालू असतानाच, पुन्हा वर येतो.

इतका वेळ का लागतो, ते नीट समजून घ्या. जुनाट आजारात यकृताच्या जवळजवळ सगळ्या पेशी आधीच बाधित असतात आणि बाधित पेशी सहसा दुसऱ्या विषाणूला थारा देत नाही. औषधाला न जुमानणारा, बदललेला विषाणू पहिल्या दिवसापासून हजर असला, तरी जुन्या पेशी मरून नव्या निरोगी पेशी येईपर्यंत त्याला पसरायला जागा मिळत नाही. म्हणून १२ आठवड्यांच्या प्रयोगात ‘प्रतिरोध आढळला नाही’ असं वाचलंत, तर त्यावरून काहीच ठरवू नका. एन्टेकॅव्हिर या दुसऱ्या औषधाचा वूडचकांवरचा प्रयोग वजनदार वाटतो तो यामुळेच. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, आधी ८ आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा, काहींना जवळपास ३ वर्षं. तरी प्रतिरोधी विषाणू सापडला नाही. मात्र वूडचकातला बदल जसाच्या तसा माणसाला लावू नका. माणसात लॅमिव्हुडीनला चकवणारा मुख्य बदल पॉलिमरेजच्या, म्हणजे विषाणूच्या डीएनएची प्रत काढणाऱ्या प्रथिनाच्या, २०४व्या जागी होतो, वूडचकात तो पॉलिमरेजच्या वेगळ्या भागात दिसला.

प्रश्न : भावाला बरीच वर्षं लॅमिव्हुडीन चालू होतं. आता व्हायरल लोड वाढलाय. एन्टेकॅव्हिर देऊ नये असं डॉक्टर म्हणतात. ते तर चांगलं औषध ना? कराड

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. नव्या रुग्णात एन्टेकॅव्हिरला ५ वर्षांत सुमारे १ टक्का प्रतिरोध दिसतो, पण लॅमिव्हुडीन निकामी झालेल्यांत तोच जवळपास निम्म्यांत. विषाणूला एन्टेकॅव्हिर चुकवायला अनेक बदल लागतात आणि त्यातले पहिले दोन लॅमिव्हुडीननेच घडवून ठेवलेले असतात. अशा वेळी टेनोफोव्हिर, रोज ३०० मिलिग्रॅम, हा नेहमीचा पर्याय. सुरू करण्याआधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघावं, एचआयव्हीची तपासणीही करावी. एचआयव्ही असेल तर औषधांची जुळणीच बदलते.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सर्वांत कमी झालेल्या आकड्याच्या १० पट वर गेला, की औषधाची पकड सुटली असं धरतात. त्यातही पहिला प्रश्न गोळ्या चुकल्या का हाच. ऊसतोडीच्या हंगामात, लग्नसराईत गोळी राहून जाते आणि पेशंट ते सांगत नाही. भावाला न रागावता विचारा. नवी गोळी हातात येईपर्यंत जुनी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्याने यकृताला जोराची सूज येऊन जीवावर बेतू शकतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. लागण नसेल आणि लस झालेली नसेल, त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांनी लस द्या. सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

प्रश्न : भुईआवळीने वूडचकांतला विषाणू गेला, असं वाचलं. मग गोळीऐवजी तिचा रस चालेल का? वाई

उत्तर : नाही. १९८७ सालचा तो प्रयोग खरा आहे. पण विषाणू गेला तो नुकतीच लागण झालेल्या, अगदी मोजक्या प्राण्यांत, आणि अर्क पोटाच्या पोकळीत टोचून. वाटीभर रस पिणं ही वेगळी गोष्ट. जुनाट आजार असलेल्या वूडचकांत फक्त विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं, म्हणजे प्रतिजनाचं, प्रमाण लवकर घटलं. पुढच्याच वर्षी चेन्नईतल्या चाचणीत ३७ पैकी २२ रुग्णांत प्रतिजन नाहीसं झालं, तेव्हा मोठी आशा वाटली होती. नंतर इतरत्र केलेल्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. साधी कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते आणि श्रेय पाल्याला मिळतं. हेपॅटायटिस बी जुनाट झाला असेल, तर डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही विषाणू यकृतात असतोच.

प्रश्न : बदकांनाही हा आजार होतो म्हणे. आमची बदकं आहेत, लहान मुलं त्यांच्यात खेळतात. आष्टा

उत्तर : बदकांचा विषाणू वेगळा आहे, माणसाला होत नाही. मुलांना खेळू द्या. मुलांच्या लसीच्या कार्डावर हेपॅटायटिस बीचे डोस पूर्ण आहेत ना, तेवढं पाहा.