घोडा पळतो, मग जॉकी काय करतो?

प्रश्न : हंगामात आम्ही मित्र महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जातो. माझं म्हणणं, घोडा दमदार असेल तर वर कुणीही बसवा. मित्र मात्र रेसकार्डात आधी जॉकीचं नाव बघतो. बरोबर कोण? — एक वाचक, कळवा

उत्तर : ‘नव्वद टक्के घोडा, दहा टक्के जॉकी’ असं घोडेवाले म्हणतात. आकडा ढोबळ आहे, पण रोख बरोबर. मुळात मंद घोड्याला कुठलाच जॉकी वेगवान करत नाही. तरीही निकाल पुष्कळदा त्या दहा टक्क्यांतच लागतो, कारण हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना मुद्दाम एका पातळीवर आणलेलं असतं. मग फरक उरतो लेंथ-दोन लेंथचा. एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, सुमारे 2.4 मीटर, धावत्या घोड्याला त्याला पाव सेकंदही लागत नाही.

हे अंतर सगळ्यात सहज वाया जातं ते वळणावर. शाळेतलंच गणित आहे : अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा आतल्या रेलपासून, म्हणजे कठड्यापासून, दीड मीटर बाहेरून गेला, तर तो 4.7 मीटर जास्त पळतो. म्हणजे दोन लेंथ तिथेच गेल्या. तीन मीटर बाहेरून गेला तर चार. मग सगळेच रेलला चिकटून का जात नाहीत? कारण तिथे घोडा कोंडला जातो. पुढचा दमला, बाजूचा सरकेना, की अंगात दम असूनही लगाम खेचून थांबावं लागतं, आणि मोडलेली लय पुन्हा जमेपर्यंत शर्यत संपते. पुढचा घोडा कधी दमेल हे आधी ओळखून वेळेत बाहेर निघणं, हे जॉकीचं खरं कसब.

दुसरी गोष्ट वेगाच्या हिशेबाची. अगदी तुफान वेग घोडा फार तर चार-पाचशे मीटर टिकवतो. 1600 मीटरच्या शर्यतीत तो सुरुवातीलाच उधळला, तर शेवटच्या 200 मीटरांत पाय जड पडतात. लगाम फार आवळला तर घोडा मान वर करून झगडतो आणि ताकद त्यातच जाते. हात हलका असलेला जॉकी घोड्याला शांत ठेवतो. नुसत्या मनगटी जोराचं हे काम नाही.

आणि चूक तर कुणाकडूनही होते. अमेरिकेतल्या 1957 च्या केंटकी डर्बी शर्यतीत बिल शूमेकर या नामांकित जॉकीने आधीचाच खांब शेवटचा समजून रिकिबीत उभं राहून घोडा सैल सोडला. त्याचा घोडा ‘गॅलंट मॅन’ नाकभर अंतराने हरला. जॉकी शर्यत जिंकून देतो त्यापेक्षा घालवतो जास्त वेळा, असं आमचं मत.

ठाण्याहून दादरला गाडी बदलून एवढे जाताच, तर दुर्बीण न्या आणि शेवटच्या खांबाऐवजी वळणावर रोखा.

प्रश्न : विजयांच्या तक्त्यात वरचे दोन-तीन जॉकी बाकीच्यांच्या कितीतरी पुढे असतात. मग जॉकीच महत्त्वाचा ठरत नाही का? — एक वाचक, वाशी

उत्तर : तक्ता इथे फसवतो. मोठे ट्रेनर आपले चांगले घोडे चांगल्या जॉकीला देतात. तो जिंकतो, म्हणून आणखी चांगले घोडे मिळतात. किती विजय घोड्याचे आणि किती जॉकीचे, हे त्यात मिसळून जातं. पारख करायची तर एकच घोडा, तेच अंतर, जवळपास तेवढंच वजन आणि वेगवेगळे जॉकी अशा नोंदी शेजारी ठेवा. दुसरं, फेव्हरिट नसलेल्या, म्हणजे फारसे पैसे न लागलेल्या, घोड्यांवर तो जॉकी अपेक्षेपेक्षा वर येतो का, ते पाहा. चार-पाच शर्यतींवरून मात्र काही ठरवू नका.

शिवाय जॉकीचं काम शर्यतीपुरतं नसतं. सकाळच्या सरावानंतर घोड्याला कुठलं अंतर मानवेल, ब्लिंकर (बाजूचं दिसू न देणाऱ्या डोळ्यांवरच्या झापडा) लावावेत का, हे तो ट्रेनरला सांगतो. ही नजर असलेला माणूस पुढे ट्रेनर म्हणूनही चालतो. पेसी श्रॉफ यांचं नाव दोन्हीकडे घेतलं जातं.

प्रश्न : जॉकी खोगिरावर बसतच नाही, अधांतरी वाकलेला असतो. ही ऐट की उपयोग? आणि नवख्या जॉकीला वजनात सूट का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : उपयोगच, आणि मोठा. प्रत्येक झेपेला घोड्याचं अंग वर-खाली, मागे-पुढे हलतं. जॉकी गुडघे-घोट्यांची स्प्रिंग करून स्वतः जवळपास स्थिर राहतो. घोडा त्याचं वजन वाहतो, पण दर झेपेला ते ढकलत बसत नाही. 1900 च्या सुमारास ही बैठक रुळली आणि मोठ्या शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी घटल्या. 100 सेकंदांच्या शर्यतीत पाच सेकंद म्हणजे 80 मीटर! आता सगळेच असे बसतात, त्यामुळे हा फायदा कुणा एकाचा राहिलेला नाही. दमून शेवटी खोगिरावर आदळू लागलेला जॉकी मात्र तो गमावतो.

सूट म्हणजे घोड्यावर कमी वजन. ती कमी अनुभवाच्या बदल्यात असते आणि विजय वाढतील तशी कमी होते. 1600 मीटरला साधारण एक किलो म्हणजे एक लेंथ असा अंदाज धरतात. म्हणजे दोन किलोंची सूट कागदावर दोन लेंथ देते, आणि नवखा पोरगा वळणावर बाहेर भरकटला की त्या तिथेच जातात.

प्रश्न : चाबकाने घोडा खरंच जोरात पळतो? — एक वाचक, खारघर

उत्तर : दमलेला नाही. उलट उजव्या हाताने मारलं की तो डावीकडे सरकतो, शेजारच्याला आडवा येतो, आणि स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चौकशी लावून मिळालेला नंबर खाली आणू शकतात.